माझ्या एकुलत्या एका भोपळ्याबद्दल

आज संध्याकाळी घरी आलेल्या एका पाहुण्यांनी गच्चीतल्या वेलावरच्या माझ्या एकुलत्या एका भोपळ्याला टिचकी मारून पाहिले आणि "वहिनी, एवढ्या खटाटोपाचे फळ हेच का?" असे म्हणून ते मनसोक्त हसले. त्यांच्यासमोर मी काही बोलले नाही, पण ते गेल्यापासून मन शांत होत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

पोहायला शिकणाऱ्याच्या नाकातोंडात पाणी गेले, तर आपण काठावरून हात देतो. पहिल्यांदाच भाजी लावणाऱ्याला मात्र, का कोण जाणे, हसण्याचा हक्क सगळ्यांनाच असतो.

या वेलाला पहिले पिवळे फूल आले, तेव्हा मी घरातल्या सर्वांना झोपेतून उठवून गच्चीत नेले होते. त्यानंतर रोज फुले येत राहिली आणि रोज गळत राहिली. मी पाणी वाढवले, तर पाने पिवळी पडू लागली. माती सतत चिंब राहिली की मुळांना हवा मिळत नाही, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. मग खत वाढवले, आणि त्यातले नत्र, म्हणजे पानांची वाढ करणारा नायट्रोजन, जास्त झाल्यामुळे वेल असा काही फोफावला की त्याने कपडे वाळत घालायची दोरी गाठली आणि एका रात्रीत त्याच्या तणाव्यांनी टॉवेलला असा विळखा घातला की तो सोडवताना आम्ही तिघे जण घामाघूम झालो. फूल मात्र गळायचे थांबले नाही.

अखेर सासूबाईंनी एक गळलेले फूल हातात घेतले आणि म्हणाल्या, "अगं, ही सगळी नर फुले आहेत, ती गळायचीच. मादी फुलाच्या खाली चिमुकला भोपळा असतो, तो दिसेपर्यंत धीर धर." तो दिसल्यावरही तीन फुले वाया गेली, कारण आमच्या गच्चीत मधमाश्या फारशा फिरकत नाहीत आणि भोपळ्याचे फूल पहाटे उमलून दुपारच्या आत मिटते, तर मी सावकाश नऊनंतर तिथे पोहोचत असे. चौथ्या वेळी उजाडताच गेले, नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढल्या आणि त्याचे पराग मादी फुलाच्या मधोमध हलक्या हाताने टेकवले. पाहुण्यांनी ज्याला टिचकी मारली, तो हा भोपळा आहे.

भोपळा विकत आणणे सोपे आणि स्वस्त आहे, हे मला मान्य आहे. हिशेब मांडला तर मी तोट्यातच आहे, तेही मान्य. पण धने पेरल्यावर पाचव्याच दिवशी मी अख्खी कुंडी उकरून पाहिली होती, कोथिंबिरीला उगवायला आठ-दहा दिवस किंवा त्याहूनही जास्त लागतात हे त्यातून मला कळले, आणि ते कळणे कुठे विकत मिळते? मला खरा राग येतो तो भरलेल्या टोपल्यांचे फोटो टाकून मेलेल्या रोपांबद्दल चकार शब्द न काढणाऱ्या जाणकारांचा. त्यांच्यामुळेच नवशिक्याला वाटते की दोष आपल्या हातातच आहे, आणि तो दुसऱ्यांदा बी पेरतच नाही.

हे लिहिताना आणखी एक गोष्ट आठवली, जी मी रागाच्या भरात विसरले होते. निघता निघता त्याच पाहुण्यांनी वाकून मिरचीचे एक पान उलटे केले आणि विचारले, "इथे एवढ्या मुंग्या का?" मी त्यांना पानामागचा मावा, म्हणजे चिमुकल्या किड्यांचा थर, दाखवला; तो पानातला रस शोषतो आणि गोड, चिकट द्रव सोडतो, त्यासाठी मुंग्या येतात, हे सांगितले. ते पाच मिनिटे पान हातात धरून बघत उभे होते, आणि तेव्हा ते हसत नव्हते. माझ्याकडे आहेत त्यातल्या थोड्या बिया त्यांच्यासाठी पुडीत बांधून ठेवते.

वेलावर आज आणखी एका मादी कळीचे टोक पिवळे झाले आहे, म्हणजे ती उद्या पहाटे उमलेल. जवळच दोन नर कळ्याही तयार आहेत. गजर लावून ठेवला आहे.