चौपदरी होईल तेव्हा होईल, आधी साईडपट्ट्या भरा

टेंभुर्णी–लातूर रस्ता चौपदरी झालाच पाहिजे, असं एका लेखात वाचलं, ते शंभर टक्के पटलं. पण तोवर आम्ही जगायचं कसं? माझं गाव ढोकी आणि मुरूडच्या मधे, रस्त्याला लागूनच. दुपदरी रस्त्याचं डांबर ७ मीटर, पक्क्या साईडपट्ट्या धरल्या तर १०. ते जास्तीचे ३ मीटरच दुचाकीवाल्याचा जीव वाचवतात. आमच्याकडे तिथं मुरूम वाहून गेलाय, डांबराच्या कडेला वीतभर खाच. समोरून ट्रक ओव्हरटेक करत आला की गाडी खाली घ्यावीच लागते. गेल्या पावसाळ्यात चुलत भाऊ असाच पडला, मागे बसलेल्या वहिनींचं मनगट मोडलं.

ऊस सुरू झाला की रात्री बाहेर पडायला नको वाटतं. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. ट्रॉली पंक्चर झाली की भोवती दगड लावतात, आणि काम झालं की ट्रॅक्टर जातो, दगड तिथंच. ट्रॅक्टरवाल्या भावांनो, हात जोडून सांगतो, निघताना तेवढे दगड उचला. आमची पोरं पहाटे त्याच रस्त्यानं क्लासला जातात.