चार बर्थ म्हणजे चौघांची खोली नव्हे

गेल्या काही दिवसांत तीन मैत्रिणींनी मला एकच प्रश्न विचारला. क्रूझच्या एका केबिनमध्ये चौघं मावतील का? प्रत्येकीला तुकड्यातुकड्यांनी सांगण्यापेक्षा इथेच सविस्तर लिहिते.

मावतात. आम्हीही मावलो होतो. मी, नवरा, चौदा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सात रात्री, बाल्कनीची केबिन. मोठ्या पलंगावर आई (म्हणजे सासूबाई) आणि मी, सोफाबेडवर नवरा आणि छतातून खाली येणाऱ्या बर्थवर मुलगा. चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की संध्याकाळ झाली की आई पाणीच पीत नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, "रात्री उठावं लागलं तर तुम्हा सगळ्यांची झोपमोड होते गं."

खरंच होत होती. सोफाबेड उघडला की पलंग आणि त्याच्यामध्ये जेमतेम एक पाऊल मावेल एवढी वाट उरायची आणि त्याच वाटेत वरच्या बर्थची शिडी. बाथरूमला जायचं तर आई आधी नवऱ्याला हलवून जागं करायच्या, तो पाय आखडून घ्यायचा, मग त्या अंधारात शिडी चाचपत पुढे जायच्या. सत्तरी ओलांडलेल्या बाईने यावर पाणी न पिण्याचा उपाय शोधला आणि तीन दिवस आम्हाला पत्ताही लागू दिला नाही. ती केबिन मी निवडली होती. बाल्कनीच्या हौसेपायी. ते मला अजून टोचतं.

आपण या मोहात पडतो त्याचं कारण भाड्याच्या रचनेत आहे. क्रूझचं भाडं एका केबिनमागे दोन माणसं धरून ठरतं. तिसऱ्या-चौथ्या माणसाला ते बहुधा बरंच कमी लागतं, म्हणून चौघांचं एकत्र बुकिंग स्वस्त दिसतं. बंदराचे कर आणि कर्मचाऱ्यांची टिप मात्र माणशी लागते, हे शेवटच्या बिलात कळतं. कंपन्यांचा हिशोबही दोनाच्याच पटीत असतो. केबिनमागे दोन माणसं म्हणजे जहाज १०० टक्के भरलं. त्यामुळे त्यांच्या अहवालात जहाजं शंभराहून जास्त टक्के भरलेली दिसतात. 'आयकॉन ऑफ द सीज' या जहाजाचं उदाहरण घ्या. २,८०५ केबिन, दोघांच्या हिशोबाने ५,६१० प्रवासी आणि पूर्ण क्षमता सुमारे ७,६००. म्हणजे दोघांच्या हिशोबापेक्षा जास्तीचे जवळजवळ दोन हजार लोक कुठल्या ना कुठल्या सोफ्यावर नाहीतर छतातल्या बर्थवर झोपणार. साधी आतली, बिनखिडकीची केबिन बाथरूम धरून १५० ते १८० चौरस फुटांची असते. त्यात चार माणसांच्या चार बॅगाही असतात.

एका मैत्रिणीची वेगळीच तक्रार होती. केबिनमध्ये चार बर्थ आहेत, तरी चौथ्या माणसाचं बुकिंग घेत नाहीत. यात बहुतेक वेळा लबाडी नसते. १९१२ साली टायटॅनिकवर सुमारे २,२०० माणसं होती आणि लाईफबोटींत जागा होती १,१७८ जणांची. त्यानंतर १९१४ मध्ये सोलास हा समुद्रावरच्या माणसांच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. आज जहाजावरच्या प्रत्येक माणसासाठी लाईफबोटीत किंवा तराफ्यावर जागा असावीच लागते. जहाजाच्या त्या भागातल्या लोकांना नेमून दिलेल्या बोटींची क्षमता भरली, की रिकामा बर्थ रिकामाच राहतो. यात तान्हं बाळही एक पूर्ण माणूस म्हणून मोजलं जातं. तेव्हा "बाळ तर आमच्याजवळच झोपेल" असं म्हणून त्याचं नाव मागाहून घालू नका. आधीच सांगा.

माझं मत स्पष्ट आहे. दोन मोठी माणसं आणि दोन लहान मुलं असतील तर एक केबिन खुशाल घ्या. मुलांना तो बर्थ म्हणजे पर्वणी असते. फक्त सहा वर्षांखालच्या मुलाला वर झोपवायला अनेक कंपन्या परवानगी देत नाहीत, ते आधी विचारा. पण चारही जण मोठे असतील, त्यात कुणी वयस्कर असेल, तर एका बाल्कनीच्या केबिनऐवजी समोरासमोरच्या दोन आतल्या केबिन घ्या. खिडकी नसेल, पण बाथरूम दोन मिळतील. एकूण रकमेची तुलना करून बघा, फरक वाटतो तेवढा बहुधा नसतो. अनेक कंपन्यांना प्रत्येक केबिनच्या बुकिंगवर एक सज्ञान माणूस लागतो (काहींकडे ही अट २१ वर्षांची आहे), म्हणून मुलं बरोबर असतील तर कागदोपत्री त्यांची आई एका केबिनमध्ये आणि वडील दुसऱ्या, असं करतात.

"खोलीत फक्त झोपायलाच तर जायचं" हे मी सगळ्यांत जास्त ऐकते. झोपायलाच जायचं असतं, म्हणून तर ती खोली झोपण्यासारखी हवी. एकाला नऊला झोप येते, दुसरा एक वाजता दार उघडतो. कुणाला बोट लागली तर उलट्यांचा आवाज आणि वास चौघांनाही. आणि सकाळी सगळ्यांना एकाच वेळी बाहेर पडायचं असतं.

ज्यांचं एकाच केबिनचं बुकिंग झालंय त्यांच्यासाठी थोडं. केबिनच्या भिंती बहुतेक लोखंडी असतात, चुंबकाचे हूक न्या, कपडे आणि पिशव्या वर जातात. रिकाम्या बॅगा पलंगाखाली सरकवा. एक्स्टेन्शन बोर्ड नेऊ नका, आगीच्या भीतीने तो बऱ्याच जहाजांवर काढून घेतात. अनेक यूएसबी पॉइंट असलेला चार्जर न्या. वरचा बर्थ दिवसा उचलून ठेवायला केबिन सांभाळणाऱ्याला सांगा. बॅटरीवरचा छोटा दिवा तर हवाच, आतल्या केबिनमध्ये दिवा मालवला की हातसुद्धा दिसत नाही. वयस्कर माणसाला शिडीच्या पलीकडे झोपवू नका. बाथरूमच्या बाजूची जागा त्यांची.

दुसऱ्या वेळी आम्ही दोन आतल्या केबिन घेतल्या. एकीत आई आणि मी, समोर बाप-लेक. आईंनी पहिल्याच रात्री पाण्याची बाटली उशाशी ठेवली.

तिघींपैकी एकीचं बुकिंग अजून बदलता येण्यासारखं आहे. आई-वडील, ती आणि तिची कॉलेजातली मुलगी, चौघं एका केबिनमध्ये. शेवटचा हप्ता भरायच्या आधी बदल केला तर बहुधा फार नुकसान होत नाही. तू हे वाचत असशील तर आजच एजंटला फोन कर, आणि वडिलांना विचार रात्री किती वेळा उठावं लागतं ते.