मला, शिंद्याला, शाकाहारी हॅगिस

14 डॉलर. तेही रोख, कारण कार्डाचं यंत्र उन्हाने तापून बंद पडलं होतं. त्या बदल्यात हातात आली कागदी बशी. तीत एका बाजूला बटाट्याचा लगदा, दुसऱ्या बाजूला सलगमाचा लगदा आणि मधोमध एक तपकिरी गोळा. गोळ्यात टूथपिक खोचलेली आणि तिच्या टोकाला इवलासा कागदी झेंडा. पुढच्या माणसाच्या बशीत निळा झेंडा, त्यावर पांढरी फुली. मागच्या बाईच्या बशीत तोच. माझ्या बशीत हिरवा.

हिरव्याचा अर्थ पहिल्याच घासाला कळला. राजमा. मग मसूर. मग, देवा, गाजर.

मी साताऱ्याचा शिंदे आहे. गोष्ट गेल्या शनिवारची आहे, आज गुरुवार आहे आणि माझा राग अजून उतरलेला नाही.

तिथे गेलोच कशाला, तर मुलीच्या मैत्रिणीचा स्कॉटिश नाच होता. आम्ही राहतो त्या उत्तर कॅरोलायनात स्कॉटलंडहून आलेल्यांचे वंशज ढिगाने आहेत, आणि वर्षातून एकदा ते किल्ट, म्हणजे चौकड्यांचा पुरुषी घागरा, नेसून मैदानात जमतात. याला हायलँड गेम्स म्हणतात. नावाजलेले गेम्स ग्रँडफादर माउंटनवर, 1956 पासून चालू आहेत. आमचे ते नव्हेत. आमचे घरापासून 40 मिनिटांवर, एका मोकळ्या मैदानात भरलेले. एकीकडे बॅगपाइप, एकीकडे विजेच्या खांबाएवढा ओंडका उभा उचलून पालथा फेकणारे पैलवान. (ओंडका किती लांब गेला याला गुण नाहीत, किती सरळ पडला याला आहेत. बायको म्हणाली, घरात पण असंच असतं.) नाच दहा मिनिटांत संपला. भूक लागली. वासावर गेलो.

रांग मोठी होती आणि रांगेत ते काका होते. नाव माहीत आहे, पण लिहीत नाही. सत्तरी ओलांडलेले, पांढरीशुभ्र दाढी, मोज्यात खोचलेला सुरा आणि कमरेला पुढे लोंबणारी केसाळ पिशवी. तिला स्पोरन म्हणतात. आमची आजी पान-तंबाखूची चंची अशीच वागवायची, फक्त तिच्या चंचीला केस नव्हते. काकांचा किल्ट आठ यार्डांचा होता, हे त्यांनी न विचारता सांगितलं. मी आमच्या नऊवारीचा उल्लेख केला. एका वाराने आपण पुढे आहोत हे त्यांना फारसं रुचलं नसावं.

काकांचं काम वहीत ऑर्डर लिहून घ्यायचं. पण ते करत होते प्रबोधन.

“हॅगिस पहिल्यांदाच?”

“हो.”

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. घरातलं कोणी गेल्यावर ठेवतात तसा. “त्यात काय असतं ते सांगू? की खाल्ल्यावर सांगू?”

“आत्ताच सांगा.”

“हृदय,” ते म्हणाले आणि थांबले. माझ्या तोंडाकडे बघत राहिले. “मेंढीचं.”

“बरं.”

“लिव्हर.”

“हं.”

“आणि ओट्स, कांदा, चरबी घालून हे सगळं कशात भरून शिजवतात, माहितीये?” इथे त्यांनी आवाज खाली आणला. रांगेतली दोन पोरं जवळ सरकली. “पोटात! मेंढीच्या पोटात!”

मागची बाई ‘ई’ करून किंचाळली. काकांना हवं ते मिळालं. पण त्यांना ते माझ्याकडून हवं होतं.

“म्हणजे वजडीत,” मी म्हणालो.

“एक्स्क्यूज मी?”

आता वजडी इंग्रजीत समजावून सांगायची म्हणजे आली पंचाईत. मी सांगितलं, की तुम्ही ज्याची नुसती पिशवी करता ते पोट आमच्याकडे मुख्य पदार्थ असतं. रविवारी सकाळी चुलते बाजारातून आणायचे. दिसायला ओल्या टर्किश टॉवेलसारखं, वासाला मात्र टॉवेलसारखं अजिबात नाही. मग त्याला चुना चोळायचा, उकळतं पाणी ओतायचं आणि सुरीच्या उलट्या बाजूने खरवडत बसायचं. खरवडायचं काम पोरांकडे. काळा पदर सुटून खालचं पांढरं दिसायला लागलं की आजी म्हणायची, “झालं, आता तुझ्या सदऱ्यापरीस सोच्छ हाय.” मग कांदा-लसूण मसाला, भाजलेलं खोबरं आणि दोन तास चूल. काळीज, मुंडी, पाया, रक्ती, काही म्हणता काही वाया जायचं नाही. बोकडाचं फक्त ओरडणं तेवढं आम्ही खाल्लं नाही.

हे सगळं मी भर उन्हात, जीव ओतून सांगितलं. काका मान डोलावत होते.

“करी,” ते म्हणाले.

“करी म्हणा.”

“पण त्यात मीट?”

“काका, पोटच आहे ते.”

“तुम्ही हिंदू ना?”

“हो.”

काका इतकं समजूतदार हसले, की माझ्या पोटात तेव्हाच गोळा यायला हवा होता. “माझ्या जावयाच्या ऑफिसात एक हिंदू आहे. अंडंसुद्धा खात नाही. वंडरफुल मॅन.”

त्या अंडं न खाणाऱ्या, बहुधा खरोखरच सज्जन माणसाने माझं वाटोळं केलं. पण मलाही गप्प बसवलं नाही. काका इतकं हृदय-लिव्हर करत होते, तर मी सहज विचारलं, “आणि फुप्फुस?”

काका गप्प. कारण पारंपरिक हॅगिसमध्ये मेंढीचं फुप्फुस लागतंच, आणि अमेरिकन सरकारने 1971 पासून खाण्याच्या पदार्थांत जनावराच्या फुप्फुसाला बंदी घातली आहे. स्कॉटलंडचं अस्सल हॅगिस म्हणूनच इथे आणता येत नाही. म्हणजे या अख्ख्या मैदानात, इतक्या सगळ्या किल्टांत, खरं हॅगिस एकाच्याही बशीत नव्हतं. फुप्फुस खाल्लेला माणूस बहुतेक मी एकटाच, आणि मला ‘झेपेल का’ म्हणून विचारत होते.

“ते... सरकारचे नियम,” काका म्हणाले. वही उघडली आणि माझ्याकडे करुणेने बघत काहीतरी एकच अक्षर लिहिलं. मला वाटलं 1 लिहिला. तो व्ही होता.

व्ही फॉर व्हेजिटेरियन.

हिरवा झेंडा घेऊन मी काउंटरवर परत गेलो. तिथल्या मुलीने वही दाखवली. इथे तर व्ही लिहिलंय, सर. म्हटलं, मी नाही लिहिलं. तर म्हणाली, तुम्हाला कसली ॲलर्जी आहे का? म्हटलं, हो, गाजराची. ती खरंच घाबरली आणि कसलातरी फॉर्म शोधायला लागली. तेवढ्यात आतून आवाज आला, की निळे झेंडे संपले. निळे संपले आणि हिरव्यांचा मोठा ट्रे तसाच वाफाळत पडलेला. पैसे परत मिळत नाहीत अशी पाटी होती.

तसं शाकाहारी हॅगिस ही काही अमेरिकन खोड नाही. ते 1984 साली एडिनबरोतच निघालं आणि तिथे खपतंही. ग्लासगोत तर हॅगिसची भजी मिळतात, पकोरा म्हणून, आपल्याच लोकांच्या हॉटेलांत. ज्याला जे खायचं ते त्याने खावं. माझं म्हणणं एवढंच, की मला विचारा. विमानात मला न विचारता पनीर आलेलं आहे. ऑफिसच्या पार्टीत बार्बेक्यूच्या धुरात उभा असताना कोणीतरी प्रेमाने भाजलेली ढोबळी मिरची आणून दिली आहे, ‘स्पेशली फॉर यू’. पंधरा वर्षं मी ‘थँक्यू’ म्हणत मिरची खातोय. आणि काकांना तरी काय बोलायचं? आमच्याच मंडळाच्या कार्यक्रमांना मी इतकी वर्षं जातोय. गणपतीचं समजू शकतो, पण कोजागरीला, वनभोजनाला, क्रिकेटच्या बक्षीस समारंभालासुद्धा श्रीखंड-पुरी आणि पिवळी बटाट्याची भाजी. एकदा बैठकीत हळूच सुचवलं, की तांबडा रस्सा ठेवू या का. अध्यक्षीण बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आरतीत शिट्टी वाजवली. त्या अंडं न खाणाऱ्या माणसाला दोष कशाला द्यायचा, त्याची जाहिरात आम्हीच करतोय.

असो. बशी घेऊन सावली शोधत निघालो. मैदानाच्या कडेने प्रत्येक घराण्याचा तंबू होता. क्लॅन म्हणजे आपलं कूळच. प्रत्येकाचं चिन्ह, प्रत्येकाचं ब्रीद, शिवाय कुठली आडनावं कुठल्या कुळात मोडतात याची लांबलचक यादी. आपल्या कुलवृत्तांतवाल्यांना इथे आणून सोडलं तर ते जेवायलासुद्धा उठणार नाहीत. भाऊबंदकीही तीच. 1692 साली ग्लेन्कोमध्ये कॅम्पबेलांच्या हाताखालच्या सैनिकांनी बारा दिवस मॅकडॉनल्डांचा पाहुणचार झोडला आणि मग भल्या पहाटे यजमानांनाच कापलं. अजून या दोघांच्या तंबूंत अंतर ठेवावं लागतं म्हणून लोक हसतात. आपल्याकडे बांधावरून बोलणं बंद झालेली घरं मोजायला बसलो तर मैदान पुरायचं नाही.

मी शिरलो तो तंबू मॅकेन्झींचा निघाला. आणि खुर्चीत कोण? काका. ऑर्डरींची पाळी संपवून आलेले.

“आवडलं?” त्यांनी बशीकडे बघून आनंदाने विचारलं.

मी काहीतरी पुटपुटलो. तोंडात मसूर होती.

काकांनी मला उभं करून तंबू दाखवायला घेतला. ही आमच्या घराण्याची चौकडी, म्हणजे किल्टच्या कापडावरची नक्षी, हजार वर्षांची, म्हणाले. खरं तर 1746 ला कलोडनच्या लढाईत हायलँडवाल्यांचं बंड मोडल्यावर ब्रिटिश सरकारने या पोशाखावरच बंदी घातली होती, ती 1782 ला उठली. आणि प्रत्येक कुळाची ठरलेली चौकडी हे प्रकरण बरंचसं 1822 नंतरचं, राजा चौथा जॉर्ज किल्ट घालून एडिनबरोत मिरवून गेला त्यानंतरचं. पण बोललो नाही. आमच्या ढोल-ताशा पथकाचे फेटे मागून इलॅस्टिक लावलेले असतात.

मग त्यांनी एक तक्ता दाखवला. मॅकेन्झींच्या मुखियाने 1793 साली उभी केलेली 78 वी हायलँडर पलटण. खाली एक हत्ती आणि शब्द: असाये.

“हे इंडियात आहे कुठेतरी,” काका म्हणाले. “1803. समोर प्रचंड फौज. आमची पोरं नदी ओलांडून थेट तोफांवर चालून गेली.”

“असई,” मी म्हणालो. “जालना जिल्हा. नदी केळणा. समोर दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले.”

काका चाट पडले. “तुम्हाला कसं माहीत?”

“मी शिंदे.”

आता खरं सांगायचं तर दौलतरावांचा माझा काडीचा संबंध नाही. त्यांचं मूळ गाव कण्हेरखेड आमच्या जिल्ह्यातलं, एवढंच. साताऱ्यात दगड फेकला तर शिंद्याला लागतो. पण हातात हिरवा झेंडा धरून उभा असलेला माणूस अशा वेळी खरं सांगत नाही. मला वाटलं, आता तरी हा माणूस ओशाळेल. तुमच्या पलटणीने आमच्या तोफा नेल्या, तुमचाच ग्रँट डफ साताऱ्याला रेसिडेंट होऊन बसला आणि 1826 मध्ये आमचा इतिहास आम्हालाच लिहून दिला, आणि आता तुम्ही मला राजमा चारता.

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मला मिठीच मारली. स्पोरनचं बक्कल माझ्या बरगडीत रुतलं.

“म्हणजे तुमची माणसं होती तिथे! आमच्या माणसांबरोबर!”

“बरोबर नाही, समोर.”

“तेच ते!” त्यांनी बायकोला हाक मारली, शेजारच्या तंबूतल्या दोघांना हाक मारली. सगळ्यांनी माझा हात हलवला. कोणीतरी फोटो काढला. त्यात मी, काका, हत्ती आणि बशी. काकांनी ‘फ्रेंड ऑफ द क्लॅन’ असा फॉर्म काढला आणि स्वतःच्या हाताने भरायला घेतला. शिंदेचं स्पेलिंग तीनदा विचारलं. बाकी काही विचारलं नाही.

घरी येऊन मी हलाल दुकानातून आणलेली बोकडाची वजडी फ्रीजरमधून काढली. बायको म्हणाली, गॅरेजमध्ये. मुलगी म्हणाली ‘ई’, अगदी त्या रांगेतल्या बाईसारखं, त्याच सुरात. मी गॅरेजमध्ये, गाडी बाहेर काढून, इंडक्शनवर दोन तास शिजवली. शेजारी येऊन विचारून गेला, की पाइप फुटलाय का.

काल ईमेल आला. 25 जानेवारीला कवी बर्न्सची जयंती. त्या रात्री हे लोक हॅगिस वाजतगाजत आणतात, त्याला उद्देशून बर्न्सची कविता म्हणतात आणि मग त्याच्यात सुरा खुपसतात. मला सन्माननीय पाहुणा म्हणून बोलावलंय. जागा राखीव आहे, काकांच्या शेजारी. खाली माझी नोंद होती: मिस्टर शिंदे, वारियर फॅमिली ऑफ असाये.

त्यापुढे कंसात, व्ही.