सोडून गेलेल्यांचे झेल

भाऊसाहेब निंबाळकरांच्या नाबाद ४४३ धावांना ‘त्यात काय एवढं’ म्हणणारा माझा भाचा कोल्हापूरचाच आहे, ही गोष्ट मला जास्त लागली. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भारताच्या सर्वोत्तम फलंदाजांची यादी चालली होती. भाच्याचं म्हणणं थोडक्यात असं: निंबाळकरांनी ज्यांच्याविरुद्ध त्या धावा केल्या त्या काठियावाडची गोलंदाजी दुबळी होती, तिला कुणीही धुतलं असतं, मर्चंट आणि हजारे यांचे आकडे युद्धकाळातले, ते धरायचेच कशाला, आणि गावसकर आजच्या संघात बसलाच नसता. मी उत्तर लिहीत होते तेवढ्यात त्याचा पुढचा मेसेज आला, “मावशी, तू गेलीस ना तिकडे? मग इथलं तुला कशाला हवं?”

मी अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या ॲपलटनला राहते. ग्रीन बे इथून पाऊण तासावर. तिथल्या पॅकर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा आजवरचा सर्वोत्तम रिसीव्हर, म्हणजे फेकलेला पास झेलून पळणारा खेळाडू, कोण, हा वाद इथे हिवाळाभर चालतो. पार्किंगमध्ये ब्राट्स (सॉसेज) भाजताना चालतो, डेंटिस्टच्या खुर्चीतही चालतो. पण यादी कुणीही करो, तिची सुरुवात डॉन हटसनपासून होते. हटसन १९३५ ते १९४५ या काळात खेळला. त्याला खेळताना पाहिलेलं माणूस आता शोधून सापडणार नाही. तरी कुणी म्हणत नाही की तो कृष्णधवल काळातला, सोडा त्याला.

आणि का म्हणावं? आल्या आल्या शिकागो बेअर्सविरुद्ध त्याने ८३ यार्डांचा टचडाऊन केला, म्हणजे चेंडू थेट समोरच्यांच्या गोलरेषेपार नेला, आणि तो सामना पॅकर्सनी ७-० असा जिंकला. फॉरवर्ड पास म्हणजे अडचणीत मारायचा हात, असं समजायचे दिवस ते. १९४२ साली अकरा सामन्यांत त्याने ७४ पास झेलले आणि १,२११ यार्ड काढले, लीगमधल्या दुसऱ्या क्रमांकाच्या रिसीव्हरच्या दुपटीहून जास्त. कारकिर्दीत ९९ टचडाऊन पास झेलले. तो विक्रम १९८९ पर्यंत कुणाला मोडता आला नाही. शिवाय तो बचावातही खेळायचा आणि किकही मारायचा. १९४५ मध्ये डेट्रॉइटविरुद्ध एका क्वार्टरमध्ये, म्हणजे पाव सामन्यात, त्याने एकट्याने २९ गुण केले होते. त्याची १४ नंबरची जर्सी १९५१ मध्ये निवृत्त झाली, म्हणजे तो नंबर पुढे कुणाला दिला नाही. पॅकर्सनी आजवर निवृत्त केलेल्या नंबरांत रिसीव्हर तो एकच.

भाच्याचे सगळे आक्षेप हटसनलाही लागू होतात. युद्धामुळे लीगमधले किती तरी खेळाडू सैन्यात गेले होते, प्रतिस्पर्धी संघ रोडावले होते. त्याहून मोठा आक्षेप म्हणजे १९३४ ते १९४५ या काळात एनएफएलमध्ये, म्हणजे पॅकर्स खेळतात त्या लीगमध्ये, एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. देशातले कितीतरी उत्तम बचावपटू हटसनसमोर कधी उभेच राहिले नाहीत. हे मी झटकून टाकत नाही. आपल्याकडेही मुंबईचे मोठे सामने धर्मावर संघ पाडून व्हायचे आणि बाळू पालवणकरांसारख्या गोलंदाजाला जातीमुळे कर्णधारपद नाकारलं गेलं. तो डाग त्या व्यवस्थेवर आहे आणि तो सांगितलाच पाहिजे. पण समोर जे उभे होते त्यांच्यात आणि हटसनमध्ये जे अंतर होतं, ते दुसऱ्या कुणाला गाठता आलं नाही. मी खेळाडूला मोजते ते या अंतराने. १९४३ साली ब्रेबॉर्नवर संघाच्या ३८७ पैकी ३०९ धावा विजय हजाऱ्यांनी एकट्याने केल्या. दहा जणांना जी गोलंदाजी झेपली नाही ती त्यांना झेपली, याला युद्धकाळाची सूट कशी लावायची?

आजच्या संघात बसला नसता, हे तर कुणाबद्दलही म्हणता येतं. १९७८ पूर्वी रिसीव्हरला मैदानभर ढकलत, अडवत नेता यायचं. त्या वर्षी नियम आला आणि पाच यार्डांपुढे त्याला हात लावणं बंद झालं. आजच्या रिसीव्हरला त्या धक्क्यांत उभं करा आणि मग बोला. गावसकरने १९७१ मध्ये वेस्ट इंडीजमध्ये ७७४ धावा केल्या, त्या डोक्यावर हेल्मेट नसताना.

हटसननंतरची नावं मात्र मला भांडून लावावी लागतात. जेम्स लॉफ्टन नऊ मोसम पडक्या संघात खेळला आणि तरी ९,६५६ यार्ड काढून गेला. डोनाल्ड ड्रायव्हर १९९९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, सातव्या फेरीत आला, चौदा मोसम इथेच राहिला. ७४३ झेल आणि १०,१३७ यार्ड, दोन्ही पॅकर्सचे विक्रम. जॉर्डी नेल्सन कॅन्ससच्या शेतावरचा. दोन्ही पायांची बोटं रेषेच्या आत, बाकी सगळं अंग बाहेर झुकलेलं आणि चेंडू छातीशी, असा त्याचा झेल पाहिला की मी अजून उभी राहते. पण मला सर्वांत जवळचा स्टर्लिंग शार्प. १९९२ मध्ये १०८ झेल, तेव्हाचा विक्रम, आणि झेल, यार्ड, टचडाऊन तिन्हींत पहिला. पुढच्या वर्षी ११२. सात वर्षांत एकही सामना चुकवला नाही. १९९४ मध्ये अठरा टचडाऊन केले आणि मानेच्या दुखापतीने त्याच मोसमाअखेर खेळ कायमचा थांबला. दोन वर्षांनी पॅकर्स सुपर बोल, म्हणजे लीगची अंतिम लढत, जिंकले, तेव्हा तो संघात नव्हता. धाकट्या भावाने, शॅननने, आपली पहिली सुपर बोलची अंगठी त्याला दिली. हॉल ऑफ फेममध्ये शिरायला त्याला २०२५ उजाडलं, कारण कारकीर्द छोटी. निंबाळकरांना कसोटी मिळालीच नाही. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम मोडायला दहा धावा हव्या असताना काठियावाडने सामना सोडून दिला. ज्यांचा खेळ दुसऱ्या कुणी किंवा नशिबाने थांबवला, त्यांचा हिशेब तरी आपण पुरा करावा की नाही?

आता डेव्हान्टे ॲडम्स. आठ मोसम, ६६९ झेल, ७३ टचडाऊन. रेषेवरच्या पहिल्या दोन पावलांत समोरच्याला असा फसवायचा की तो चुकीच्या दिशेला वळून उभा राहायचा. मार्च २०२२ मध्ये तो रेडर्सकडे गेला. लहानपणापासून त्याचा आवडता संघ तो, आणि कॉलेजात त्याला पास फेकणारा क्वार्टरबॅकही तिथेच होता. तेव्हापासून इथले पुष्कळ जण त्याला यादीत ड्रायव्हरच्या खाली टाकतात. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा गृहस्थ म्हणतो, राहिला असता तर वर लावला असता. मी त्याच्याशी कडाकडा भांडते. तो गेला म्हणून पॅकर्सच्या लॅम्बो मैदानातल्या बर्फात त्याने घेतलेले झेल काही खाली पडत नाहीत.

ॲडम्सची बाजू मी एवढ्या तावातावाने का घेते, हे मला चांगलं ठाऊक आहे. माझ्याकडे पॅकर्सचा एक शेअर आहे, तीनशे डॉलरला घेतलेला. त्यावर लाभांश मिळत नाही, तो विकता येत नाही, आणि पाच लाखांहून जास्त लोकांकडे तसेच शेअर आहेत. पण त्यावर माझं नाव आहे आणि ते मी भिंतीवर लावलं आहे. कोल्हापूरच्या मतदार यादीत मात्र माझं नाव आता नाही. इथला नागरिकत्वाचा दाखला हाती आला त्या दिवशी सगळे पेढे मागत होते आणि मला आईला फोन लावण्याचा धीर होत नव्हता. इथे मला हटसनवर बोलायला कुणी अडवत नाही, म्हणून मी इथल्या लोकांना मोठ्या मनाचं म्हणते. पण मला भांडायचं असतं ते निंबाळकरांसाठी, आणि ते नाव इथे कुणाला कळत नाही.

भाच्याला मी माझी यादी पाठवली आहे. पॅकर्समध्ये हटसन, ॲडम्स, शार्प, लॉफ्टन, ड्रायव्हर. फलंदाजांत गावसकर, सचिन, हजारे, मर्चंट, निंबाळकर. निंबाळकर का नकोत हे त्याने मला जरूर पटवावं, पण क्रिकेटचं कारण देऊन. मी कुठे राहते, हे कारण मी ऐकून घेणार नाही.