"21 दिवसांत क्रिएटिनिन खाली" हा मेसेज पुढे पाठवण्याआधी हे वाचा

गेल्या आठ दिवसांत हा मेसेज मला चार जणांकडून आला, शेवटचा आमच्या मावशीकडून, आणि तिने तो मायेनेच पाठवला हे मला माहीत आहे. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. किडनी खराब झाली तरी डायलिसिस लागत नाही, क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात साठणारा टाकाऊ पदार्थ) खाली येतं, फक्त 21 दिवस पाच गोष्टी करा: रोज सकाळी आडसराचं (म्हणजे शहाळ्याचं) पाणी, दिवसाला 4 लिटर पाणी, साधं मीठ बंद करून सैंधव किंवा लो सोडियम मीठ, डाळ-मासे-अंडी पूर्ण बंद, आणि उपाशीपोटी बिंबलं (बिलिंबी) किंवा करमलांचा (स्टारफ्रूटचा) रस. खाली लिहिलंय की हे सगळ्या किडनी पेशंटना चालतं.

माझ्या बाबांची किडनी चौथ्या स्टेजला आहे, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा आकडा) 24. आम्ही गोव्यातल्या फोंड्याचे, घरामागे तीन माड, त्यामुळे यातली पहिली गोष्ट आमच्याकडे कुठल्याही मेसेजशिवायच झाली होती. म्हणून तिथूनच सुरू करते.

आडसराचं पाणी थंड असतं, लघवी साफ होते, तापातून उठलेल्याला देतात, हे सगळं खरं आहे आणि ज्याची किडनी चांगली आहे त्याने खुशाल प्यावं. पण त्यात 100 मिलीला साधारण 200 ते 250 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. एका भरलेल्या आडसरात 300-350 मिली पाणी निघतं, म्हणजे एका बैठकीत जवळजवळ दोन केळ्यांइतकं पोटॅशियम पोटात जातं आणि तेही पाण्यातून, म्हणजे लगेच रक्तात. चांगली किडनी ते लघवीतून काढून टाकते, बाबांच्या किडनीला ते जमत नाही. त्यात ते बीपीची टेल्मिसार्टन घेतात, ती गोळी किडनीसाठी चांगलीच आहे पण पोटॅशियम थोडं वाढवते. मे महिन्याचा उकाडा होता, आठ दिवस आम्ही त्यांना रोज एक आडसर दिलं, मीच कोयत्याने फोडून द्यायचे. नवव्या दिवशी सकाळी ते सोप्यावर बसले होते, मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, "पाय उचलत नाही गो." छातीत दुखत नव्हतं, ताप नव्हता, काहीच नव्हतं. हॉस्पिटलात पोटॅशियम 6.7 आलं, ते असायला हवं 3.5 ते 5 च्या मधे. ईसीजी बदललेला होता. कॅल्शियमचं इंजेक्शन, मग ग्लुकोज आणि इन्सुलिन, नेब्युलायझर, आणि रात्रभर मॉनिटरकडे बघत बसलेली आई. यातलं सगळ्यात भयंकर काय तर पोटॅशियम वाढताना बहुतेक वेळा काही कळतच नाही आणि कळतं तेव्हा हृदयाचे ठोके बिघडलेले असतात. माझ्या हातून घडलंय म्हणून इतकं लांबवून लिहिते आहे.

आता 4 लिटर पाणी. हा सल्ला मुळात मुतखड्याचा आहे, खडे होणाऱ्यांना भरपूर पाणी प्यायला सांगतात ते बरोबरच, पण मुतखडा वेगळा आणि क्रॉनिक किडनी डिसीज, म्हणजे किडनी हळूहळू निकामी होत जाणं, वेगळा, आपल्याकडे दोघांनाही "किडनीचा त्रास" म्हणतात आणि तिथेच घोटाळा होतो. पाणी वाढवून किडनीची घसरण थांबते का हे कॅनडात 631 पेशंटवर वर्षभर बघितलं, 2018 साली निकाल छापून आला, फरक पडला नाही. आणि ज्यांची लघवी कमी झालीय, पाय सुजतात, किंवा जे डायलिसिसवर आहेत त्यांना 4 लिटर म्हणजे फुफ्फुसात पाणी भरणं. डायलिसिसवाल्यांना साधारण दिवसाची लघवी जितकी होते तितकं अधिक अर्धा लिटर, एवढाच हिशेब सांगतात, आणि त्यात चहा, पेज, सोलकढी, हुमणाचा (माशाच्या आमटीचा) रस सगळं धरायचं. उलट ज्याची लघवी नीट होते आणि सूज नाही त्याने तहान मारून बसायचंही कारण नाही. किती प्यायचं ते त्या माणसाच्या लघवीवर, सुजेवर आणि वजनावर ठरतं.

मिठाबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे, मीठ कमी करायलाच हवं, दिवसाला 5 ग्रॅम म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, तेसुद्धा सगळं मिळून. पण सैंधव म्हणजे जवळपास सगळं सोडियम क्लोराईडच, रंग गुलाबी म्हणून सोडियम कमी होत नाही. आणि लो सोडियम मीठ तर याहून वाईट, कारण त्यात सोडियम काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराईड घातलेलं असतं. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वाचा एकदा. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2025 मध्ये असं मीठ वापरायचा सल्ला दिला तो सर्वसाधारण लोकांना, त्यात किडनीचे पेशंट स्पष्टपणे वगळलेत. आपल्या गोव्यात मीठ मिठाच्या डब्यातून जातं त्यापेक्षा खाऱ्या बांगड्यातून, सुक्या सुंगटांच्या (कोळंबीच्या) किसमूरातून, चोरिसातून (गोव्याच्या सॉसेजमधून), लोणच्यातून आणि पापडातून जास्त जातं. आमच्याकडे पावसात जेवणात खारं नसेल तर बाबा ताटावरून उठायचे, ते सोडवायला आईला चार महिने लागले. तिने तिरफळं, आगळ (कोकमाचा रस), हिरवी मिरची आणि लसूण वाढवली, आगळही बिनमिठाचं घरी काढलेलं, विकतच्या बाटलीत मीठ मुबलक असतं.

डाळ, मासे, अंडी पूर्ण बंद. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खुपतो कारण तो "काम करतो" असं दिसतं. क्रिएटिनिन हे स्नायूंतून तयार होतं. माणसाने महिनाभर प्रोटीन खाल्लं नाही की स्नायू झिजतात, क्रिएटिनिन कमी तयार होतं, रिपोर्टमध्ये आकडा खाली येतो आणि घरात पेढे वाटले जातात, इकडे माणूस मात्र वाळत जातो, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन) पडतं, जिना चढवत नाही. किडनी तितकीच खराब राहते. केडिगो या किडनीवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शनात डायलिसिस नसलेल्या तिसऱ्या ते पाचव्या स्टेजच्या मोठ्या माणसांसाठी वजनाच्या किलोमागे दिवसाला 0.8 ग्रॅम प्रोटीन सांगितलंय. बाबांचं वजन 60 किलो म्हणजे 48 ग्रॅम. एका बांगड्याच्या 100 ग्रॅम मांसात 20 च्या आसपास, एका अंड्यात 6, वाटीभर शिजलेल्या डाळीत 7 धरा, बाकी भात, पोळी, दुधातून येतं. म्हणजे बांगडा जेवणात बसतो, फक्त दोन वेळा दोन-दोन नाही. आणि डायलिसिस सुरू झालं की गणित उलटं होतं, तेव्हा किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम लागतं कारण डायलिसिसमध्ये प्रोटीन वाहून जातं. अशा माणसाला मासे सोडायला सांगणं म्हणजे त्याला उपाशी मारणं आहे, याला दुसरा शब्द मला सापडत नाही.

बिंबलं आणि करमलं. मावशी, हे तर कुणालाच पाठवू नकोस. हुमणात आंबटपणाला दोन-चार बिंबलं घालणं वेगळं आणि ग्लासभर रस पिणं वेगळं. बिंबलांत ऑक्झलेट भरमसाट असतं, ते किडनीत खड्यांसारखं जाऊन बसतं. केरळात बिंबलांचा रस प्यायलेल्या 10 जणांची किडनी एकाएकी बंद पडल्याचं 2013 मध्ये डॉक्टरांनी नोंदवलंय, त्यातल्या बऱ्याच जणांना डायलिसिस लागलं. करमलांत त्याशिवाय कॅराम्बॉक्सिन नावाचं मेंदूवर जाणारं विष असतं. चांगली किडनी ते बाहेर टाकते, खराब किडनीत ते साठतं, आधी न थांबणारी उचकी, मग भ्रम, मग झटके, आणि माणसं दगावलीयत. किडनीच्या पेशंटला करमल एक फोडही नको.

मेसेजच्या पाच गोष्टी इथे संपल्या, पण त्याच्या उलट टोकाची चूकही आम्ही केली. पोटॅशियमची भीती बसल्यावर आईने फळं, पालेभाज्या सगळंच बंद केलं, मग बाबांना बद्धकोष्ठ झालं, आणि किडनी खराब असते तेव्हा बरंच पोटॅशियम शौचावाटे जातं म्हणून पोट साफ नसणं हेसुद्धा वाईटच. शेवटी आम्हाला ताळ्यावर आणलं ते एका डायटिशियन बाईंनी. त्यांनी छापील यादी दिलीच नाही. आधी रिपोर्ट मागितले: पोटॅशियम, फॉस्फरस, बायकार्बोनेट, अल्ब्युमिन, लघवीतलं प्रोटीन, साखर. मग औषधांची चिठ्ठी, आणि तीन दिवस काय काय खाल्लं त्याची वही. त्यावरून म्हणाल्या, पेर आणि सफरचंद चालेल, अननसाच्या दोन फोडी चालतील, फणसाचे गरे नकोत, तांबडी भाजी (लाल माठ) चिरून भरपूर पाण्यात उकळायची, ते पाणी ओतून टाकायचं आणि मग फोडणीला घालायची. कुकरमध्ये नाही, कारण कुकरात पाणी आतच राहतं. कोला आणि सॉसेज नकोत कारण त्यात वरून घातलेलं फॉस्फेट जवळपास सगळं अंगात शोषलं जातं, डाळीतलं त्या मानाने पुष्कळ कमी. शेजारच्या ज्या पेशंटचं पोटॅशियम नॉर्मल होतं त्याला त्यांनी केळं चालेल म्हणून सांगितलं, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की "किडनीचं पथ्य" नावाची एकच गोष्ट नसतेच.

त्यामुळे कुणाला खरंच मदत करायची असेल तर मेसेजऐवजी त्यांना सांगा की किडनीच्या डॉक्टरांकडून डायटिशियनकडे पाठवायची चिठ्ठी मागून घ्या, बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) नेफ्रॉलॉजी म्हणजे किडनीचा विभाग आहे, तिथे चालू असेल तर तिथेच विचारा, आणि जाताना शेवटचे दोन रिपोर्ट व वही न्या. रिपोर्ट बदलला की पथ्य परत विचारायचं. एखाद्या पदार्थात काय आहे ते बघायचं असेल तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे 2017 चे तक्ते आहेत, 528 पदार्थांचे.

आणि हा मेसेज वाचून कुणी किडनीच्या पेशंटला या आठवड्यात रोज आडसर किंवा लो सोडियम मीठ दिलं असेल तर आजच बंद करा आणि आजच पोटॅशियम तपासून घ्या. पाय जड वाटत असतील, छातीत धडधडत असेल तर लॅबची वाट बघू नका, 108 ला फोन करा.