‘मालक कंजूष आहे’ : दर मार्चमध्ये होणाऱ्या एका आरोपाचा प्रतिवाद

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगमध्ये मार्चच्या मध्यावर करारमुक्त खेळाडूंचा बाजार, म्हणजेच फ्री एजन्सी, सुरू होते. सोमवारी दुपारी बोलणी सुरू होतात, बुधवारी चार वाजल्यापासून सह्या होतात, आणि या दोन दिवसांत ज्या संघाने एखादे मोठे नाव पटकावलेले नसते त्याच्या चाहत्यांमध्ये एक ठरावीक विधान फिरू लागते. त्याचा आशय असा की, आपला मालक तिजोरीवर बसून आहे. ज्यांना जिंकायचे असते ते खर्च करतात आणि खर्च करणारेच करंडक नेतात. इतर संघ कोट्यवधींचे करार करत असताना आपण मात्र स्वतःचे खेळाडू फुकट घालवत आहोत. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियातल्या मराठी घरांतही हे आता अस्खलित मराठीत ऐकू येते. त्यामागची चीड खरी आहे, परंतु विधानाचा एकेक तुकडा हातात घेऊन पाहिला तर तो टिकत नाही.

आधी तिजोरी पाहू. १९९४ पासून, २०१० चे एक वर्ष वगळता, या लीगमध्ये सॅलरी कॅप, म्हणजे खेळाडूंच्या एकूण वेतनावरची कमाल मर्यादा, लागू आहे. त्या पहिल्या वर्षी ती ३ कोटी ४६ लाख डॉलर होती, २०२४ साली २५ कोटी ५४ लाख झाली आणि २०२५ साली २७ कोटी ९२ लाख. आणि ती सर्व ३२ संघांना सारखीच असते. आयपीएलच्या लिलावात प्रत्येक संघाला ठरावीक रक्कम मिळते आणि ती संपली की मालक कितीही धनाढ्य असला तरी त्याला हात खाली घ्यावा लागतो, हे आपल्याकडच्या वाचकांना ठाऊकच आहे, तत्त्व तेच. शिवाय ही मर्यादा केवळ वरून नाही. खेळाडू संघटनेशी झालेल्या सामूहिक करारानुसार प्रत्येक संघाने तीन-तीन वर्षांच्या टप्प्यात एकूण मर्यादेच्या किमान ९० टक्के रक्कम खेळाडूंना रोख द्यावीच लागते. म्हणजे जो मालक पैसे दाबून बसल्याचा आरोप होतो, त्याला ते दाबून ठेवण्यासाठी नियमाने फारशी जागाच ठेवलेली नाही.

श्रीमंतीने या गणितात फरक पडत असता तर डेन्व्हर ब्रॉन्कोसची पंचाईत झाली नसती. वॉलमार्टच्या वॉल्टन कुटुंबाशी संबंधित गटाने २०२२ साली हा संघ ४६५ कोटी डॉलरना विकत घेतला आणि लीगमधले सर्वांत श्रीमंत मालक डेन्व्हरला लाभले. त्यानंतर रसेल विल्सन या क्वार्टरबॅकशी, म्हणजे चेंडू फेकून चाल रचणाऱ्या मुख्य खेळाडूशी, केलेला अवाढव्य करार अंगाशी आला, २०२४ साली त्याला सोडावे लागले, आणि जो खेळाडू संघात नाही त्याच्या नावावर त्या एका वर्षात सुमारे ५ कोटी ३० लाख डॉलर वेतनमर्यादेतून वजा झाले. मालकाच्या खात्यात कितीही अब्ज असले तरी त्यातला एक डॉलरही ही वजाबाकी पुसू शकला नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत असे आपण म्हणतो. इथे अंथरूण लीगनेच कापून दिलेले असते.

आणि ग्रीन बे पॅकर्सच्या चाहत्यांनी हा आरोप करावा, हे तर नवलच. त्या संघाला मालकच नाही. पाच लाखांहून अधिक भागधारकांकडे त्याचे समभाग आहेत आणि त्यांवर लाभांश दिला जात नाही. तरीही टेड थॉम्पसन २००५ पासून खेळाडूंची निवड करणारे व्यवस्थापक असताना तिथे दर मार्चमध्ये हीच तक्रार होत असे, फक्त ‘मालक’ या शब्दाच्या जागी त्यांचे नाव येई.

दुसरा तुकडा अधिक आकर्षक आहे, कारण त्यात इतिहासाचा आधार असल्याचा भास होतो : जो खर्च करतो तो जिंकतो. या सूत्राची सर्वांत दीर्घ परीक्षा वॉशिंग्टनमध्ये झाली. डॅनियल स्नायडर १९९९ ते २०२३ या काळात त्या संघाचे मालक होते आणि त्यांच्यावर पुष्कळ आरोप झाले असले तरी खेळाडू विकत घेण्यात हात आखडल्याचा आरोप क्वचितच झाला असेल. २००० साली त्यांनी डिऑन सँडर्स आणि ब्रूस स्मिथ ही दोन दिग्गज नावे आणली आणि संघाने आठ सामने जिंकले, आठ हरले. २००९ साली अल्बर्ट हेन्सवर्थ या बचावपटूशी सात वर्षांचा, १० कोटी डॉलरचा करार झाला; त्या हंगामात संघ चार सामने जिंकला आणि बारा हरला, पुढच्या वर्षी हेन्सवर्थ शारीरिक क्षमतेच्या चाचणीत वारंवार नापास झाला, आणि २०११ साली ड्राफ्टच्या, म्हणजे महाविद्यालयीन खेळाडूंच्या वार्षिक निवडप्रक्रियेच्या, पाचव्या फेरीतल्या एका निवडीच्या बदल्यात त्याला न्यू इंग्लंडकडे पाठवण्यात आले. स्नायडर यांच्या जवळपास पाव शतकाच्या कारकिर्दीत संघाने प्लेऑफचे, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीचे, एकूण दोन सामने जिंकले.

२०११ ची फिलाडेल्फियाची गोष्ट मी थोड्या संकोचाने सांगतो, कारण त्या जल्लोषात मीही होतो. मालक आणि खेळाडूंमधल्या तंट्यामुळे त्या वर्षी बाजार मार्चऐवजी जुलैच्या अखेरीस उघडला आणि ईगल्सने अवघ्या काही दिवसांत नामडी असोमुघा, जेसन बेबिन, कलन जेंकिन्स अशी एकामागून एक नावे जमवली. एकट्या असोमुघाचा करार पाच वर्षांचा आणि ६ कोटी डॉलरचा होता. नव्यानेच आलेला राखीव क्वार्टरबॅक व्हिन्स यंग याने या संघाला ‘ड्रीम टीम’ म्हटले आणि आम्ही सर्वांनी ते उचलून धरले. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, अशी आमची अवस्था होती. फरक इतकाच की तुरी खरेदी झाल्या होत्या, शिजल्या मात्र नाहीत. हंगाम ८-८ असा संपला, पुढचा ४-१२ असा, प्रशिक्षक अँडी रीड यांना जावे लागले आणि २०१३ च्या मार्चमध्ये असोमुघालाही मुक्त करण्यात आले.

यावर उलट उदाहरणे दिली जातात आणि ती खोटी नाहीत. रेजी व्हाइट १९९३ साली चार वर्षांच्या, १ कोटी ७० लाख डॉलरच्या करारावर ग्रीन बेला गेला आणि १९९७ च्या जानेवारीत सुपर बोल या अंतिम लढतीत त्याने प्रतिस्पर्ध्यांच्या क्वार्टरबॅकला तीनदा लोळवले. ड्रू ब्रीसने न्यू ऑर्लीन्सला, पेटन मॅनिंगने डेन्व्हरला आणि टॉम ब्रेडीने टॅम्पा बेला विजेतेपद मिळवून दिले. पण हे खेळाडू मुळात बाजारात आले कसे, याचा विचार करायला हवा. व्हाइट आला तो करारमुक्तीचा हक्क न्यायालयीन लढाईनंतर खेळाडूंना नुकताच मिळाला होता म्हणून. ब्रीसच्या उजव्या खांद्याला गंभीर दुखापत झाली होती आणि त्याला घेऊ पाहणाऱ्या मायामी संघाच्या डॉक्टरांना तो पूर्ण बरा होईल याची खात्री वाटत नव्हती. मानेवरच्या शस्त्रक्रियांमुळे मॅनिंगचा २०११ चा अख्खा हंगाम बुडाला होता. ब्रेडी बेचाळीस वर्षांचा होता. ऐन उमेदीतला, धडधाकट आणि अव्वल खेळाडू सहसा बाजारापर्यंत पोहोचतच नाही, कारण त्याचा संघ एकतर आधीच करार वाढवतो किंवा फ्रँचाइझ टॅग लावून एका वर्षासाठी त्याला अडवून ठेवतो. म्हणून मार्चमध्ये जे खेळाडू उपलब्ध असतात त्यांतल्या बहुतेकांना सोडून देण्यामागे त्यांना सर्वांत जवळून ओळखणाऱ्या संघाचे काहीतरी कारण असते. ते कारण चुकीचे ठरू शकते, ब्रीसच्या बाबतीत ठरलेच. पण ते असते. नवे खेळाडू कधीच उपयोगी पडत नाहीत असे मला म्हणायचे नाही. पॅकर्सनेच २०१९ साली झडेरियस स्मिथ, प्रेस्टन स्मिथ आणि एड्रियन एमस यांना एका दमात आणले आणि आदल्या वर्षी केवळ सहा सामने जिंकलेला संघ तेरा सामने जिंकून गेला.

कोट्यवधींच्या आकड्यांविषयी थोडक्यात. बातमीत येणारी एकूण रक्कम ही बहुतेकदा पूर्ण दिली जाण्यासाठी नसतेच. हमी असलेली रक्कम वेगळी असते आणि ती बरीच लहान असते. हेन्सवर्थच्या १० कोटींपैकी हमी ४ कोटी १० लाखांची होती. करारावर सही करताना मिळणारा बोनस हिशेबासाठी जास्तीत जास्त पाच वर्षांवर विभागता येतो, त्यामुळे आज २ कोटी हातात देऊनही यंदाच्या वेतनमर्यादेत ४० लाखच दिसतात, आणि खेळाडूला मध्येच सोडले की उरलेले सगळे हप्ते एक-दोन वर्षांतच अंगावर येतात. तेव्हा शेजारच्या संघाने किती कोटींचा करार केला यावरून आपला मालक किती कंजूष हे मोजणे म्हणजे लग्नपत्रिकेवरून संसाराचा अंदाज बांधणे होय.

आपले खेळाडू फुकट जातात, हेही अर्धसत्य आहे. जो संघ करारमुक्तीत जितके कमावतो त्याहून अधिक गमावतो त्याला पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या ते सातव्या फेरीच्या शेवटी भरपाईदाखल निवडी मिळतात, एका संघाला जास्तीत जास्त चार. दुसऱ्या संघाने करार मोडून सोडलेला खेळाडू घेतला किंवा ड्राफ्ट उलटून गेल्यावर कोणाला करारबद्ध केले तर ते या हिशेबात धरत नाहीत, आणि म्हणूनच काही व्यवस्थापक मार्चमध्ये झोपल्यासारखे दिसतात आणि मेमध्ये जागे होतात. या निवडी क्षुल्लक वाटतात खऱ्या. पण २००० च्या ड्राफ्टमध्ये न्यू इंग्लंडने ज्या १९९ व्या क्रमांकावर टॉम ब्रेडीला घेतले ती अशीच भरपाईची निवड होती.

थांबण्याचेही मोल असते. ज्या थॉम्पसन यांना ग्रीन बेने कंजूष ठरवले त्यांनी २००६ च्या एप्रिलअखेरीस, बाजाराची गर्दी ओसरल्यावर, चार्ल्स वुडसनला घेतले. वुडसन २००९ साली लीगमधला सर्वोत्तम बचावपटू ठरला आणि पुढच्या हंगामात पॅकर्सने सुपर बोल जिंकला.

एक गोष्ट मात्र आरोप करणाऱ्यांच्या बाजूने मान्य केली पाहिजे. भावी वर्षांच्या हमी रकमा संघाला आगाऊ स्वतंत्र खात्यात जमा कराव्या लागतात, त्यामुळे ज्या मालकाकडे रोख रक्कम कमी असते तो हमी देताना खरोखरच हात आखडतो आणि चांगले खेळाडू त्याच्याकडे पाठ फिरवतात. हा दोष शोधायचा असेल तर अनेक वर्षांत दिलेली रोख रक्कम आणि हमी पाहावी लागेल. मार्चच्या त्या दोन दिवसांत तो दिसत नाही.

बहुतेक वेळा ज्याला कंजुषी म्हटले जाते तो निवडीतला चुकीचा निर्णय असतो, आणि याचे २०२४ इतके स्पष्ट उदाहरण मला दुसरे आठवत नाही. न्यू यॉर्क जायंट्सने चेंडू घेऊन धावणाऱ्या सॅक्वॉन बार्कलीला जाऊ दिले आणि तो त्यांच्याच गटातल्या फिलाडेल्फियाकडे तीन वर्षांच्या, ३ कोटी ७७ लाख ५० हजार डॉलरच्या करारावर गेला. जायंट्सच्या चाहत्यांनी मालकाच्या नावाने बोटे मोडली. पण त्याच आठवड्यात त्याच मालकाने ब्रायन बर्न्स या बचावपटूला कॅरोलायनाकडून आणून पाच वर्षांसाठी १४ कोटी डॉलरहून अधिक रकमेचा करार दिला होता. पैसा गेलाच होता. तो कोणावर जावा हा हिशेब चुकला. बार्कलीने त्या हंगामात २,००५ यार्ड धाव घेतली, जायंट्स तीन सामने जिंकले आणि चौदा हरले.

ईगल्सच्या चाहत्यांचे पाहणेही त्या मार्चमध्ये अपुरेच होते. बार्कलीच्या आगमनाचा उत्सव चालू असताना झॅक बॉन नावाच्या एका खेळाडूशी एका वर्षाचा, जास्तीत जास्त ३५ लाख डॉलरचा करार झाला. न्यू ऑर्लीन्समध्ये चार वर्षे तो मुख्यतः किकच्या वेळी उतरणाऱ्या विशेष पथकात आणि राखीव म्हणून खेळला होता, आणि त्याच्या येण्याची दखल कोणी घेतल्याचे मला स्मरत नाही. बचावफळीचे प्रशिक्षक व्हिक फँजिओ यांनी त्याची जागा बदलून त्याला मधल्या फळीत आणले आणि हंगामाअखेर तो सर्वोत्तम खेळाडूंच्या पहिल्या संघात निवडला गेला. ९ फेब्रुवारी २०२५ रोजी सुपर बोलच्या दुसऱ्या क्वार्टरमध्ये पॅट्रिक महोम्सचा पास त्याने कॅन्सस सिटीच्या गोलरेषेजवळ मध्येच झेलला, लगेच ईगल्सने टचडाउन केला आणि मध्यंतराला फलक २४-० असा होता.