आत्याबाईच्या मिशा आणि ट्यूटोबर्गचं जंगल

घरच्या ग्रुपवर आप्पांनी तो फॉरवर्ड टाकला तेव्हा मी नेहमीसारखी वर सरकवून मोकळी झाले होते. पण परवा भाचीचा फोन आला. नववीत आहे, शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत बोलायचंय, आणि आजोबांनी पाठवलेला तोच मजकूर तिने वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलाय. "मावशी, ऐक ना," म्हणत तिने मला तो हातवाऱ्यांसकट (व्हिडिओ कॉल होता) म्हणून दाखवला. आता गप्प बसवत नाही.

मजकूर थोडक्यात असा. इ.स. ९ मध्ये चेरुस्की या जर्मन टोळीतल्या आर्मिनियस नावाच्या, रोमचं वारंही न लागलेल्या रानच्या पोराने सगळ्या टोळ्यांची एकजूट करून ट्यूटोबर्गच्या जंगलात एका रात्रीत रोमच्या तीन लीजन, म्हणजे पलटणी, कापून काढल्या. रोमने पुन्हा कधी ऱ्हाईन नदी ओलांडली नाही. त्या रात्री चेरुस्की हरले असते तर रोमचे गुलाम झाले असते, जर्मन भाषा मेली असती, इंग्रजी जन्मलीच नसती, इंग्रज नसते आणि भारत कधीच गुलाम झाला नसता! जर्मनीत तो दिवस आजही राष्ट्रीय सण आहे. पुढे पाठवा.

म्हणजे आर्मिनियस जिंकला हे आपल्या दृष्टीने बरं झालं की वाईट, हेसुद्धा लिहिणाऱ्याला ठरवता आलेलं नाही. असो.

आधी भारताचं वाक्य घेते, कारण भाचीच्या भाषणाचा शेवट त्याच्यावर आहे. रोमच्या हाताखाली गेलेले लोक पुढे कुणाला गुलाम करत नाहीत, असं यात गृहीत धरलंय. मग पोर्तुगाल कुणाच्या हाताखाली होता? लुसितानिया हा रोमचा प्रांत, पोर्तुगीज ही लॅटिनची लेक. ते १५१० मध्ये गोव्यात आले ते १९६१ पर्यंत हलले नाहीत. आप्पा, तुमचं आजोळ डिचोलीचं. तुमची आई पोर्तुगीज अमदानीत वाढली, आणि तुम्हीच हे पुढे पाठवता? पाँडिचेरीचे फ्रेंच तरी कुठले? तेही रोमच्याच मुशीतले. डचांची तर आणखी गंमत. त्यांनी ज्यांना आपले पूर्वज मानलं ते बटावी, म्हणजे ऱ्हाईनच्या मुखाशी राहणारी आणि रोमच्या अमलाखाली असलेली जर्मन टोळी. तिच्याच नावावरून त्यांनी जकार्ताला बटाव्हिया म्हटलं, आणि त्याच डच कंपनीची पडकी वखार वेंगुर्ल्यात उभी आहे. इंग्रज नसते तर बाकीचे काय मैदान मोकळं सोडून घरी बसले असते?

आता भाषा. 'चेरुस्की हरले असते तर' ही कल्पना करायला माझी हरकत नाही. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, हेही आपण म्हणतोच. पण इथे कल्पनेची गरजच नाही, कारण शेजारच्या टोळीच्या बाबतीत हे प्रत्यक्ष घडलंय. उबी ही अशीच जर्मन टोळी. तिला रोमच्या अग्रिप्पाने ऱ्हाईनच्या डाव्या तीरावर आणून वसवलं. तिचं गाव इ.स. ५० मध्ये रोमन वसाहत झालं. तेच आजचं कलोन. चारशे वर्षं रोमच्या अमलाखाली काढूनही कलोनमध्ये आज कुठली भाषा बोलतात? जर्मन. माइंझ, ऑग्सबर्ग, व्हिएन्ना, सगळीकडे तेच. लॅटिनने काय दिलं तर शब्द: खिडकीला फेन्स्टर, भिंतीला माउअर, दारूला वाइन. आपल्याकडे पाव, साबण, चावी आली तसे. त्याने मराठी मेली का? उलट ब्रिटनवर रोमने इ.स. ४३ पासून सुमारे ४१० पर्यंत राज्य केलं, तरी इंग्रजी नेमकी तिथेच वाढली. ती नेणाऱ्यांतले अँगल लोक तर एल्ब नदीच्याही उत्तरेचे. रोमला हवी असलेली सीमा एल्बपर्यंतचीच होती. ट्यूटोबर्गला हरलेला रोमन सेनापती वारुस जिंकला असता तरी ते बाहेरच राहिले असते.

'गुलाम झाले असते' हेही या उबींवरूनच तपासा. टॅसिटस या रोमन इतिहासकाराने एक प्रसंग लिहून ठेवलाय. (मी त्याच्यावरच भिस्त ठेवून बोलतेय. तो आर्मिनियसनंतर शंभर वर्षांनी लिहितो आणि त्याचे स्वतःचे रागलोभ आहेत, पण फॉरवर्डपेक्षा बरा.) इ.स. ७० मध्ये बटावींनी रोमविरुद्ध बंड केलं होतं. तेव्हा नदीपलीकडच्या टोळीने कलोनला निरोप धाडला, की तुमच्या गावाचा कोट पाडा आणि आत जेवढे रोमन असतील तेवढे मारा, मग तुम्ही पुन्हा आमचे. उबींचं उत्तर काय? जे बाहेरून येऊन इथे राहिले, त्यांच्याशी आमचे लग्नसंबंध झालेत, मुलंबाळं झालीत, त्यांचं गाव आता हेच. आम्ही आमचेच आईबाप, भाऊ आणि पोरं मारावीत असं तुम्ही सांगणार नाही. चेरुस्की हरले असते तर काय झालं असतं, याचं मला सापडलेलं सगळ्यात जवळचं उत्तर हे. गुलामी नाही आणि रामराज्यही नाही. बटावी कर देत नव्हते पण पोरं फौजेत द्यावी लागत, आणि त्या भरतीच्या जाचाचा बंडात मोठा वाटा होता.

'रोमचं वारंही न लागलेला पोर' हे तर धडधडीत खोटं. आर्मिनियस रोमचा नागरिक होता, सरदारवर्गातला होता, रोमच्या फौजेत त्याने हुद्द्यावर नोकरी केली होती. वारुसने विश्वास ठेवला तो त्यामुळेच. त्याचा सख्खा भाऊ फ्लावुस शेवटपर्यंत रोमकडेच राहिला. इ.स. १६ मध्ये वेझर नदीच्या दोन काठांवरून हे दोघे एकमेकांवर ओरडतात, असं टॅसिटस सांगतो. फ्लावुसचा एक डोळा लढाईत गेलेला. आर्मिनियस विचारतो, त्याच्या बदल्यात काय मिळालं? तो सांगतो, पगार वाढला, गळ्यात साखळी, मानाचा मुकुट. हा हसतो: गुलामी फारच स्वस्तात विकलीस! आणि हे सगळं ओरडताना मध्येमध्ये आर्मिनियस चक्क लॅटिनच फेकत होता. छावणीत शिकलेली.

एका रात्रीचं म्हणाल तर लढाई पावसावाऱ्यात तीन-चार दिवस चालली. आणि रोमन पुन्हा आलेच नाहीत हे चूक. रोमन सेनापती जर्मेनिकस पाचेक वर्षांत परत गेला, त्याने लीजनांच्या गमावलेल्या तीनपैकी दोन गरुडध्वज परत मिळवले, आर्मिनियसची गरोदर बायको थुस्नेल्डा पकडून आणली. तिसऱ्या शतकातलं रोमनांचं एक रणांगण पार लोअर सॅक्सनीत हार्झहोर्नला सापडलंय.

बरं, एक गोष्ट मान्य करते, नाइलाजाने. एल्बपर्यंत प्रांत करायचा बेत रोमने त्यानंतर सोडला, आणि त्यात ट्यूटोबर्गचा हात मोठा आहे. त्या बेताची खूणही आहे: लान नदीच्या खोऱ्यात वाल्डगिर्मेसला चौकासह अर्धवट बांधलेलं रोमन शहर सापडलंय. तलवार नव्हे, बाजारपेठ चाललेली होती. टॅसिटसही आर्मिनियसला जर्मनीचा मुक्तिदाता म्हणतो. तेवढं खरं.

पण लगेच पुढे तोच सांगतो, की या मुक्तिदात्याला ३७व्या वर्षी त्याच्या नातलगांनीच दग्याने मारलं. एकजूट म्हणे! सासरा सेगेस्टेसने हल्ल्याच्या आधी वारुसला सावध केलं होतं, वारुसने ऐकलं नाही. आर्मिनियसने वारुसचं मुंडकं मार्कोमानी टोळीच्या राजाकडे मैत्रीखातर पाठवलं, त्याने ते रोमला पोचवलं. मग हे दोघे आपसात लढले. आणि इ.स. ४७ मध्ये आपसात कापाकापी करून राजघराण्यातलं घरी कुणी उरलं नाही, म्हणून चेरुस्कींनी राजा मागायला माणसं कुठे धाडली? रोमला. तिथून आला इटॅलिकस, त्याच फ्लावुसचा मुलगा, रोममध्ये वाढलेला. म्हणजे जिंकूनही राजा रोमहूनच आला.

आप्पांचं म्हणणं, "अगं, थोडं इकडेतिकडे असेल, पण पोरीला स्फूर्ती मिळते ना?" आप्पा, वेझरच्या काठावरचे ते दोन भाऊ तिला सांगून बघा. मी सांगितले, तर तिने वही बाजूला ठेवून विचारलं, "मग फ्लावुस काय म्हणाला?"

राहिला राष्ट्रीय सण. तो ३ ऑक्टोबरला असतो, १९९० च्या एकीकरणाचा. आर्मिनियसचा डेटमोल्डला पुतळा आहे, १८७५ चा, तलवार उगारून पश्चिमेकडे, म्हणजे फ्रान्सच्या दिशेने तोंड केलेला. सण नाही. ते वाक्य मात्र आज रात्रीच काढायला सांगा, तिचं पाठांतर सुरू झालंय.